खालची पायरी

आमच्या घरात सगळे हाडाचे कोळी,
आजोबा, बाप, मी, भाऊ आर्नफिन,
असं मी धक्क्यावर ऐटीत सांगायचो.
तेव्हा हाड म्हणजे मला
फक्त कॉड माशाचं ठाऊक होतं :
सुरी कुठे टेकवली की कणा सुटतो,
मुंडकी फेकायची नाहीत,
वाळवून ती आफ्रिकेला जातात.

सिग्रुन नऊ वर्षांची.
सकाळी तिच्या बोटांना कुलूप असतं.
कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवली
की एकेक उघडतं,
करंगळी सगळ्यांत शेवटी, रुसल्यासारखी.
गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या.
हे तिचे शब्द. मी म्हटले असते
तर बायकोने डोळे वटारले असते.

नोव्हेंबरअखेर बुडालेला सूर्य
इथे जानेवारीपर्यंत तोंड दाखवत नाही.
म्हणून रोज चमचाभर कॉडच्या काळजाचं तेल.
ती नाक दाबते, गिळते, थरथरते.
मी म्हणतो, अंगी लागू दे.
ती म्हणते, अंगी नको,
हाडी लागू दे.

ट्रोम्सोच्या इस्पितळात
तिला टेबलावर उताणं निजवलं.
यंत्राचा हात तिच्यावरून संथ सरकला
आणि पडद्यावर कणा उमटला, मणका मणका.
होडीतल्या पडद्यावर मी समुद्राचा तळ वाचतो.
खडक असेल तर खूण ठसठशीत येते,
चिखल असेल तर फिकी.
ही खूण फिकी होती.
मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी डॉक्टर हाउग्लांड यांनी सांगितलं.
तिच्या वयाच्या पोरांपेक्षा कमी, म्हणाल्या,
आणि उणे चिन्ह असलेला एक आकडा.
मी विचारलं, त्या पांढऱ्या गोळ्यांनी?
तीन हिवाळे चाललेल्या स्टिरॉइडनी?
थोडं त्यांनी.
थोडं दुखण्यानंच,
सांध्यातली आग शेजारच्या हाडालाही चाटते.
आणि थोडं...
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं...
थोडं बसून राहण्यानं.

ते बसून राहणं माझं होतं.
घसरगाडी मीच माळ्यावर टाकली.
जिन्यावरून मीच तिला उचलून नेत होतो,
मासळीच्या पेटीवर बर्फ रचावा
तशा उशा मीच रचल्या तिच्याभोवती.
‘पडशील’ हा एकच शब्द,
इतक्यांदा म्हटला
की तो तिच्या हाडीमांसी मुरला.

आता आग निवली आहे, डॉक्टर म्हणाल्या,
तेव्हा उड्या मारू द्या.
रोज थोड्या, कमी उंचीवरून.
हाडाला कळायला हवं
की आपल्यावर कुणीतरी उभं आहे.

खालची पायरी, सहा इंच.
पहिल्या दिवशी तिने माझी बाही धरली.
धप्प.
लागलं? मी विचारलं.
तुला? तिने विचारलं.

मार्चमध्ये धक्क्यावर पोरं जमली.
कॉडच्या जिभा कापणं इथे पोरांचं काम,
पैसाही पोरांचाच.
तिच्या सुरीच्या मुठीला मी
जुन्या जाळ्याची दोरी गुंडाळून दिली,
जाड, न मिटणाऱ्या पंजाला पुरेल इतकी.
इतरांच्या दोन दोन बादल्या भरल्या,
हिची अर्धीसुद्धा नाही.
पण दीड तास उभी होती,
कधी या पायावर, कधी त्या पायावर,
आणि मी पाठ फिरवून
उगाच दोर सोडवत बसलो होतो.

पुढची तपासणी दिवाळखोराच्या वहीसारखी
निघेल की बरी, ठाऊक नाही.

पहाटे चारला मी जिना उतरतो,
बूट हातात, लोकरीचे मोजे पायात.
काल खालच्या पायरीवर थांबलो.
कुणी बघत नव्हतं.
सत्तेचाळीस वर्षांचं धूड घेऊन
उडी मारली.
फळी कण्हली, कपातला चमचा वाजला.

वरच्या अंधारातून,
कुलूपबंद बोटांच्या अंथरुणातून
आवाज आला :

एक.